अहो, सुभेदार

"अहो, आलात का? पाय पुसा आधी. तसेच आत याल तर बघा हं, सांगून ठेवते!"

आतून आवाज आला आणि दारात उभ्या असलेल्या उमाकांतांचा उजवा पाय आपसूक पायपुसण्यावर गेला. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कढीपत्त्याची जुडी. उजवा पाय पुसून झाला, डावा उचलला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा हुकूम आपल्याला नाही.

हुकूम ज्यांना होता ते मागून येत होते. लिफ्टपासून दारापर्यंतचं अंतर ते हल्ली टप्प्याटप्प्याने कापत. चार पावलं टाकायची, थांबायचं, भिंतीचा वास घेतल्यासारखं करायचं, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. आठ वर्षांचा ईशान पट्टा सैल धरून त्यांच्याबरोबर तितकाच थांबत थांबत येत होता. पायपुसण्यापाशी आल्यावर सुभेदारांनी पुढचा एक पंजा घासला, मग दुसरा. मागचे पाय घासणं आता जमत नव्हतं, म्हणून त्या पायांच्या वाटणीचा वेळ ते नुसते उभे राहिले. उमाकांत बाजूला होऊन दार धरून थांबले. सुभेदार पुरते आत गेल्यावर मग त्यांनी दार लावलं.

"शहाणे ते," आतून तोच आवाज म्हणाला. "या. बसा आता."

बोलणारी होती शमिका, उमाकांतांची बारा वर्षांची नात. आवाज मात्र तिचा नव्हता. तो तिच्या आजीचा होता, प्रेमाचा. आणि प्रेमाला जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती.

सुभेदार म्हणजे कुत्रा, हे एव्हाना कळलं असेलच. साधा गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. त्यांना एकेरीत हाक मारायची या घरात पद्धत नव्हती, तेव्हा ती आपणही मोडायला नको.

उमाकांत नोकरीसाठी मिरजेहून बेंगळुरूला आले ते ऐन पंचविशीत. विमानांच्या सरकारी प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यावर त्यांची उभी हयात गेली. विमानाची छोटी प्रतिकृती बोगद्यात टांगायची, वारा सोडायचा आणि ती किती थरथरते ते बघायचं, हे काम. घर बांधलं येलहंक्याला, तर तिथं शेजारीच हवाई दलाचा तळ. घरीही डोक्यावर विमानंच. एका वर्षी विमानांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, जेट विमानं कानठळ्या बसवत घरावरून जात होती, आणि त्या धुमाळीत एक पिल्लू फाटकाखालून आत शिरलं ते थेट स्वयंपाकघरात जाऊन प्रेमाच्या निऱ्यांमागे लपलं. लटलट कापत होतं.

"बघा तरी," प्रेमा म्हणाली, "सुभेदार लढाई सोडून पळून आलेत."

नाव तिथंच पडलं. आणि सुभेदार म्हटल्यावर अहो-जाहो आलंच.

पुढं विमान आलं की प्रेमा हातातलं काम टाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. "काही नाही हो, सुभेदार. जातंय ते. आपण इथंच आहोत." विमान जायचं आणि ते दोघं तिथंच असायचे. एवढं सोपं होतं ते.

"या घरात मी दोघांना अहो म्हणते," ती आल्यागेल्याला सांगायची, "त्यातले एक सांगितलेलं ऐकतात." कुठले, ते सांगायची गरज नसे. उमाकांत पेपरात डोकं घालून बसलेले असत. त्यांचं आणि सुभेदारांचं नातं एकाच जिन्यावरच्या दोन भाडेकरूंसारखं होतं. येता-जाता एकमेकांकडे बघायचं आणि पुढं जायचं. उमाकांत त्या कुत्र्याशी कधी एक वाक्य बोलले नव्हते. घरातलं बोलण्याचं खातं प्रेमाकडे होतं, आणि ते तिने इतकं चोख सांभाळलं की उमाकांतांना स्वतःहून कुणाशी काही बोलायची सवयच राहिली नव्हती.

मग प्रेमा गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. मुलगा मुकुल येलहंक्याचं घर बंद करून वडिलांना आणि सुभेदारांना आपल्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटवर घेऊन आला.

या फ्लॅटची भाषा इंग्रजी होती. खरं तर तसं असायचं काही कारण नव्हतं. मुकुल मराठी, त्याची बायको गौरीही मराठी. पण गौरीचं मराठी बेंगळुरूचं. तिचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडं आले ते इकडचेच झाले. तिच्या वडिलांना, नागोजीरावांना, सगळं घर अण्णा म्हणायचं, थोरल्या बहिणीला अक्का, आणि बोलण्यात मराठीच्या जोडीला कानडी अशी बेमालूम मिसळलेली की कुठून कुठवर काय ते त्यांनाही सांगता यायचं नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पंगतीत ती आमटीचं भांडं घेऊन उमाकांतांपुढं वाकली आणि म्हणाली, "बाबा, स्वल्प वाढू का?" कानडीत स्वल्प म्हणजे थोडं.

"स्वल्पविराम वाढतेस की काय?" उमाकांत म्हणाले.

पंगत हसली. गौरीही हसली. मग तो विनोद घरात मुक्कामालाच राहिला. गौरी काही बोलली की "आला बघा स्वल्पविराम" व्हायचं. वास्तविक कानडीच्या सीमेवरच्या मिरजेच्या माणसानं कानडीला हसावं हीच गंमत, पण ते कोण कुणाला सांगणार! उमाकांतांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. एरवी अबोल असलेल्या माणसाला एक विनोद साधला होता, आणि तो त्यांनी झिजेपर्यंत वापरला. गौरीने कधी तोंड वाकडं केलं नाही. ती फक्त हळूहळू सासरच्या माणसांत मराठी बोलेनाशी झाली. मुकुल तिच्याशी इंग्रजीत बोलू लागला. मुलं झाली ती इंग्रजीतच रांगली. आजोबा बोललेलं त्यांना सगळं कळे, पण उत्तर यायचं ते इंग्रजीतून.

सुभेदारांपुढं मात्र या इंग्रजीची डाळ शिजली नाही.

"सिट," ईशान म्हणाला. सुभेदारांनी भिंतीकडे पाहिलं. "कम, बॉय, कम!" म्हटल्यावर ते दिवाणाखाली गेले आणि बाहेर येईनात. जेवणाचं भांडं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी शमिकाने, ती तेव्हा नऊ वर्षांची होती, दर शनिवारी आजीकडे राहायला जाऊन जे कानांवर पडलेलं होतं ते आठवलं. कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि निव्वळ नक्कल म्हणून म्हणाली, "अहो सुभेदार, रुसायला काय झालं? चला बाहेर. पाहुणे आहात का?"

सुभेदार बाहेर आले. अंग झाडलं आणि आले.

त्या दिवसापासून पोरांना खेळच मिळाला. आजी काय काय म्हणायची ते दोघं आठवून आठवून काढू लागली. भात संपला हे पटवायला ती रिकामं भांडं उलटं करून कसं दाखवायची, रागावली की 'हंऽ' कसं लांबवायची, आंघोळीच्या वेळी काय लालूच दाखवायची. जरा सूर चुकला की सुभेदार ढिम्म हलत नसत, म्हणून सूरही आजीचाच लागायचा. आपसात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेल्यावर कानडी नि हिंदी, आणि कुत्र्याशी मराठी. तेही मिरजेच्या बाईचं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं.

पहिल्यांदा हे उमाकांतांच्या कानांवर पडलं तेव्हा ते आत दाढी करत होते. बाहेरून आवाज आला, "अहो, जेवायला चला. निवतंय सगळं."

"आलो, आलो," म्हणत ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. जमिनीवर ईशान उकिडवा बसला होता, पुढ्यात दहीभाताचं भांडं, आणि सुभेदार शांतपणे जेवत होते. उमाकांत परत आत गेले. आरशासमोर उभे राहिले, आणि दाढी तशीच टाकून त्यांनी तोंड धुतलं.

ते कुणाला बोलले नाहीत. बोलणार काय? पण त्या दिवसापासून त्यांच्या खोलीचं दार जरासं उघडं राहू लागलं. सुभेदारांच्या जेवणाच्या वेळा झाल्या की ते आपल्या खुर्चीत पुस्तक उघडून बसत, पान उलटत नसत. "कालची भाजी नको वाटतं? नखरे बघा!" बाहेरून येई. "अहो, तिकडं कुठं निघालात उन्हाचं?" येई. ते डोळे मिटून घेत. येलहंक्याचं घर, फोडणीचा वास, वर विमान. हे बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. मेलेल्या माणसाचा आवाज जिवंत पोरांच्या तोंडून चोरून ऐकायचा म्हणजे काय! पण सोडवतही नव्हतं. प्रेमाचा आवाज दुसरीकडे कुठं उरलाच नव्हता. मुकुलच्या फोनवर एका वाढदिवसाची चित्रफीत होती, त्यात ती तोंडावर पदर घेऊन म्हणते, "नको रे काढू. पुरे आता." एवढंच. बाकी सगळी प्रेमा सुभेदारांपाशी ठेवलेली होती.

आणि सुभेदार आता जायला निघाले होते.

डॉक्टर पद्मावतींनी तपासण्या करून मुकुलला आणि उमाकांतांना समोर बसवलं. "सर, दोनो किडनी खराब हैं," त्या म्हणाल्या. "सलाइन से स्वल्प दिन निकलेंगे. लेकिन उसको तकलीफ बहुत है. आप लोग सोचिए."

काय सोचायचं ते मुकुलला कळलं. गाडीत तो म्हणाला, "बाबा, फेअर नाही हे त्याच्यावर. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देतील, शांतपणे जाईल तो."

"खातोय अजून."

"कुठं खातोय? चाटतो फक्त."

"शेपूट हलवतो."

"बाबा—"

"सलाइन लाव म्हटलं ना!" उमाकांत इतक्या जोरात म्हणाले की सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला वळून बघू लागला.

मग सलाइन सुरू झालं. पडद्याच्या दांडीला पिशवी टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून मुकुलने सुई टोचायची, शमिकाने डोकं धरायचं. पाणी कातडीखाली साचून खांद्यावर उशीएवढा फुगा यायचा. सुभेदार ओरडत नसत. फक्त सुई दिसली की भिंतीकडे तोंड करत आणि त्यांच्या अंगातून एक थरथर जाई. उमाकांतांनी आयुष्यभर थरथर बघितलेली. कुठल्या थरथरीनंतर पंख तुटतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सुई टोचताना ईशान बाल्कनीत जाऊन दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहायचा. उमाकांत आपल्या खोलीत जाऊन बसत. दार उघडं ठेवून. कारण सुई टोचताना शमिका बोलायची. "झालं हं, झालं. शूर ना तुम्ही? झालंच बघा." तेवढ्यासाठी उमाकांत दुसऱ्या दिवशीच्या सुईची वाट पाहू लागले होते. ही गोष्ट स्वतःशी कबूल करायला त्यांना फार जड गेलं, आणि कबूल केल्यावरही त्यांनी सलाइन थांबवलं नाही.

एका दुपारी मुलं शाळेत होती. गौरी घरूनच काम करत होती. तिचं मीटिंगमधलं इंग्रजी थांबलं, खुर्ची सरकली, आणि मग बराच वेळ काही आवाज नाही. उमाकांत पडल्या पडल्या छताकडे बघत होते.

"काय रे राजा," बाहेरून हलक्या आवाजात आलं. "काहीच नको का? स्वल्प खा की. माझ्या हातानं खा. इडली आणली बघ अक्कानं. खा रे."

उमाकांत उठून बसले. दाराच्या फटीतून त्यांना गौरीची पाठ दिसत होती. ती सुभेदारांच्या अंथरुणाशी मांडी घालून बसली होती, इडली दुधात कुस्करून बोटावर धरत होती, आणि सुभेदार, ज्यांना म्हणे आजीच्या सुराशिवाय काही चालत नव्हतं, ते तिचं बोट चाटत होते.

"शाणा माझा," ती म्हणाली. "तू कधी हसला नाहीस रे मला. इतकी वर्षं बोलले मी तुझ्याशी. एकदा पण हसला नाहीस."

उमाकांतांनी आवाज न करता पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कितीतरी वेळ. इतकी वर्षं, म्हणजे येलहंक्याला यायची तेव्हापासून. सगळे जेवून झोपल्यावर मागच्या अंगणातून हिचं बोलणं ऐकू यायचं, उमाकांतांना वाटायचं फोनवर बोलतेय; ते फोनवर नव्हतंच. सुभेदारांना एकेरीही चालत होतं. त्यांना कानडी मिसळलेलंही चालत होतं. चालत नव्हतं ते एका उमाकांतांना.

त्या संध्याकाळी सुई टोचायची वेळ झाली. मुकुलने पिशवी टांगली. ईशान बाल्कनीत गेला. उमाकांत आपल्या खुर्चीत बसले, आणि बाहेर काही बोलणंच येईना. ते उठून दाराशी आले.

शमिका सुभेदारांच्या शेजारी जमिनीवर आडवी पडली होती. तिचं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकलेलं होतं. सुभेदारांचे डोळे उघडे होते आणि त्यांच्या अंगातली थरथर आता सुईची वाट न बघता चालूच होती.

"अहो सुभेदार," ती म्हणाली, "फार दुखतंय ना? मग सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील ते. त्यांना म्हणावं, पुरे आता."

उमाकांतांनी चौकट धरली. 'पुरे आता'. तोच सूर, शेवटच्या अक्षरावर जरासा खाली येणारा. ही फोनवरची चित्रफीत पोरीने कधी बघितली होती, बघितली तरी होती की नाही, देव जाणे. क्षणभर त्यांना खरंच कळेना की खोलीत कोण बोललं.

शमिकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"आय नो व्हाय यू कीप द डोअर ओपन, आजोबा," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता. "वुई बोथ नो. ईशान टू."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पोरं इतके दिवस आजोबांसाठीही बोलत होती, आणि आजोबा पुस्तकामागे लपून बसले होते. उमाकांतांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मुकुल," ते म्हणाले, "सुई राहू दे. त्या डॉक्टरबाईंना फोन कर."

डॉक्टर पद्मावती रविवारी सकाळी आल्या. ऊन गॅलरीतून आत अंथरुणापर्यंत आलेलं होतं, आणि सुभेदार त्यात पडून होते. गौरीने मुलांना सांगून ठेवलं होतं की नको वाटलं तर आतल्या खोलीत बसा. दोघांनीही मान हलवून नाही म्हटलं. शमिकाने डोकं मांडीवर घेतलं, ईशानने एक पंजा हातात धरला.

"पायावरचे केस काढावे लागतील, शीर दिसायला," असं डॉक्टरांनी कानडीत गौरीला सांगितलं आणि पिशवीतून छोटं यंत्र काढलं. ते सुरू झालं मात्र, सुभेदारांनी डोकं उचललं. कान शेवटपर्यंत शाबूत होते बिचाऱ्यांचे. ते यंत्र जसजसं पायाजवळ आलं तसतसे ते मागे सरू लागले, उठायला बघू लागले, मागचे पाय जागेवरच घसटू लागले. निऱ्यांमागे लपलेलं पिल्लू जसं कापत होतं तसं ते म्हातारं अंग कापायला लागलं.

"स्वल्प हिडकोळ्ळी, सर," डॉक्टर म्हणाल्या. धरा जरा.

सगळ्यांनी धरलं. पण धरून भागणारं नव्हतं. सुभेदार डोळे फिरवून शोधत होते, ज्याने त्याने ते पाहिलं. शमिकाने तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द फुटला नाही. तिने ईशानकडे पाहिलं. ईशान तर ढसढसा रडत होता.

उमाकांत खुर्चीचा आधार घेऊन खाली बसले. गुडघे कुरकुरले. पुढं सरकून त्यांनी सुभेदारांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगाला त्यांचा हात लागत होता. कातडीखाली सगळी हाडं लागली.

"काही नाही हो, सुभेदार," ते म्हणाले.

स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. घोगरा, बिनसरावाचा. प्रेमाच्या सुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी सुभेदारांनी त्यांच्याकडे डोळे वळवले आणि ते पाहत राहिले. दोन जुने भाडेकरू.

"काही नाही. जातंय ते." एवढं आलं. पुढचं येईना. पुढचं त्यांना पाठ होतं, हजारदा ऐकलेलं होतं. पण 'आपण' म्हणायचं आणि त्यात ती नाही, हे काही जिभेवर येईना. यंत्र गुरगुरत होतं.

"आपण इथंच आहोत की," गौरी म्हणाली.

ती मागे उभी होती, ती खाली बसली. तिने उमाकांतांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, "इथंच आहोत की रे राजा. सगळे आहोत."

उमाकांतांनी मान हलवली. "ऐका," ते सुभेदारांना म्हणाले. "ती सांगते ते ऐका."

यंत्र थांबलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि उभा कान हळूहळू खाली आला. थरथर थांबत आली, मग थांबली, हे त्यांच्या तळहाताला डॉक्टरांच्या आधी कळलं.

नंतरचे दिवस फार शांत गेले. घरात आवाज नव्हते असं नाही. मिक्सर होता, मीटिंगा होत्या, पोरांची भांडणं होती. सगळं इंग्रजीत. मराठी बोलायला कारणच उरलं नव्हतं. उमाकांतांनी खोलीचं दार मुद्दाम लावून घ्यायला सुरुवात केली, तरी जेवणाच्या वेळा झाल्या की कान उभे राहत. कधी फरशीवर नखं वाजल्यासारखी वाटत. ते उठून बघत. खिडकीच्या पडद्याची कडी आपटत असे.

सगळ्यात वाईट एक गोष्ट झाली. एका दुपारी त्यांनी डोळे मिटून प्रेमाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, आणि आला तो शमिकाचा. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. शमिकाचा, ईशानचा. ती स्वतः कशी बोलायची, तिच्या चाळिशीत, पन्नाशीत, भांडताना, उशिरा आल्यावर? काही नाही. पोरांनी आजी जपली आणि जपता जपता ती त्यांच्या आवाजाची होऊन गेली. मूळ कधी पुसलं गेलं ते उमाकांतांना समजलंही नव्हतं. तीन वर्षं ज्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, ते तिथं नव्हतंच कदाचित. त्या दिवशी ते प्रेमा गेली तेव्हा रडले नव्हते तेवढे रडले.

गौरीने सुभेदारांचं अंथरूण, भांडं, पट्टा सगळं आवरून माळ्यावर ठेवलं. पायपुसणं तेवढं तिने दारात राहू दिलं.

एका संध्याकाळी उमाकांत फिरून आले. खालच्या बागेत नुकतंच पाणी घातलेलं, चपलांना चिखल लागला होता. दार उघडंच होतं. चपला बाहेर काढून ते पायपुसण्यावर उभे राहिले. आत मुलं जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत बसली होती. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता.

ते तसेच उभे राहिले. आपण का उभे आहोत हे त्यांना नीट माहीत होतं, आणि म्हाताऱ्या माणसानं असं करू नये हेही माहीत होतं.

ईशानने मान वर केली. "आजोबा, व्हाय आर यू स्टँडिंग देअर?"

ईशानने बहिणीकडे पाहिलं. शमिका वहीत लिहीत होती. तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं नाही. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाजही मध्येच बंद झाला.

"आलात का?" शमिका वहीतच बघत म्हणाली. "पाय पुसा आधी."

तो प्रेमाचा आवाज नव्हता. सूर चुकला होता, मधेच जरा चिरकला, आणि 'अहो' म्हणायचं राहून गेलं होतं. बारा वर्षांच्या मुलीचा आवाज होता तो. उमाकांतांनी तो शेवटच्या अक्षरापर्यंत नीट ऐकून घेतला.

"पुसतो," ते म्हणाले. "आणि गौरी, काय शिजतंय? स्वल्प मलाही वाढ."

"सरी, बाबा," आतून होकार आला. "बसा की. आणतेच."

त्यांनी उजवा पाय पुसला, मग डावा. आत आले, आणि सवयीप्रमाणे दार धरून बाजूला झाले. लिफ्टपर्यंतचा रस्ता रिकामा होता. जेवढा वेळ लागायचा तेवढा त्यांनी लागू दिला, आणि मग दार लावलं.